गारांसाठी छत: शिंगल्स की पत्रा?

भाऊ, यावलकडच्या घराचे सिमेंटचे पत्रे गारांनी फुटलेत आणि आता क्लास ४ शिंगल्स, म्हणजे एकावर एक चढवून बसवायच्या डांबरी पट्ट्या, टाकाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. लोखंडी अँगल-पाइपांच्या सांगाड्यावरच्या छताला माझं उत्तर नाही असं आहे. चांगला लोखंडी पत्रा टाका.

क्लास ४ म्हणजे २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकूनही शिंगल आरपार तडकत नाही. पण ही चाचणी कोऱ्या मालावर होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हात डांबरी शिंगल वर्षागणिक कडक होते. शिवाय खाली प्लायवूड आणि अंडरले (पाणी अडवणारा थर) लागतो, खर्च वाढतो. उतरता स्लॅब तयार असेल तरच शिंगल्सचा विचार करा.

गारेचा व्यास दुप्पट झाला की माऱ्याची ताकद साधारण १६ पट होते. म्हणून बोराएवढ्या गारेला टिकलेला जुना सिमेंट पत्रा लिंबाएवढीला फुटतो. लोखंडी पत्र्याला पोचा पडेल, पण रंग आणि जस्ताचा थर तडकला नाही तर तो गळत नाही.

पत्रा ०.५० मिमीचा रंगीत गॅल्व्हल्यूम (जस्त-ॲल्युमिनियमचा थर दिलेला लोखंडी पत्रा) घ्या. दुकानात कडेला मायक्रोमीटर लावून जाडी मोजाच, ०.५० सांगून ०.४० गळ्यात मारतात. सांगितलेल्या जाडीत रंगही धरलाय का, तेही विचारा. खालच्या पाइपांमधलं अंतर ३ फूट ठेवा. ४-५ फुटांवर पत्रा दबतो, जोड उघडतो आणि पाणी तिथूनच शिरतं. आडवा जोड किमान ६ इंच चढवा.

गारपीट वादळ घेऊनच येते, त्यामुळे स्क्रूकडे सर्वात जास्त लक्ष द्या. रबरी वायसरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच मारा. वळचणीच्या आणि कडेच्या पाइपावर प्रत्येक उंचवट्याला एक हवा. वायसर थोडा फुगेल इतकंच आवळा. चिरडून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो.

उजेडासाठी फायबरचा पत्रा नको, उन्हाने ठिसूळ होऊन तोच आधी फुटतो. २ मिमी भरीव पॉलिकार्बोनेट लावा, यूव्हीचं स्टिकर असलेली बाजू वर.

जुने सिमेंट पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ग्राइंडर लावू नका, फोडू नका. पाणी मारून हुक सोडवा आणि अख्खे उतरवा. त्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात, म्हणून त्या दिवशी लेकरं घरापासून लांब ठेवा.