वाचकांचे प्रश्न : बर्फावरची जोडी

या वेळी टपालात पेअर स्केटिंगविषयीची तीन पत्रे आली आणि तिन्ही नाशिकची निघाली. ज्या शहरात थंडीत द्राक्षबागांवर दव गोठले तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होते, तेथून बर्फावरच्या खेळाविषयी इतकी विचारणा व्हावी याचे आम्हाला कौतुक वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो आहे. माझी 10 वर्षांची नात चार वर्षांपासून चाकांच्या स्केट्सवर सराव करते. बर्फावरच्या जोड्यांच्या स्पर्धा तिने मोबाइलवर पाहिल्या आणि तेव्हापासून तिला तेच करायचे आहे. तिचे वडील म्हणतात की यात काही करिअर नाही. या खेळाडूंचे आयुष्य नेमके कसे असते, ते किती वर्षे चालते आणि नाशिकच्या मुलीने ही वाट धरावी का?

उत्तर : आजोबा, आपल्या चिरंजीवांचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे समजण्यासाठी हा खेळ काय मागतो ते आधी पाहावे लागेल.

एक पुरुष आणि एक स्त्री मिळून एकच कार्यक्रम सादर करतात. सीनियर गटात लघु कार्यक्रम सुमारे 2 मिनिटे 40 सेकंदांचा आणि मुक्त कार्यक्रम सुमारे 4 मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात पुरुष जोडीदारणीला डोक्याच्या वर उचलून, पुष्कळदा एकाच हातावर तोलून, बर्फावरून फिरत नेतो. तिला वर उडवतो आणि हवेत फिरक्या घेऊन ती खाली येताना कमरेला धरून झेलतो. भर वेगात तिला दूर फेकतो आणि ती तीन फेरे पूर्ण करून एका पायावर, पाठीच्या दिशेने घसरत उतरते. डेथ स्पायरल नावाच्या प्रकारात पुरुष एका जागी स्केटचे टोक रोवून फिरतो आणि त्याचा हात धरलेली स्त्री बर्फाला जवळजवळ समांतर होऊन त्याच्याभोवती वर्तुळ काढते. याखेरीज दोघांनी शेजारी-शेजारी, एकमेकांना न धरता, एकाच क्षणी सारख्याच उड्या आणि गिरक्या घ्यायच्या असतात. आपण व्यायामशाळेत मल्लखांब पाहिला असेल, तर पकडीच्या भरवशावर सगळे शरीर सोपवणे म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको; फरक इतकाच की लाकडी खांब थकत नाही, आजारी पडत नाही आणि रुसतही नाही.

या करिअरचे सगळे वेगळेपण त्या शेवटच्या वाक्यात आहे. धावपटूचे किंवा बुद्धिबळपटूचे करिअर त्याच्या एकट्याचे असते. येथे मात्र मुलगी कितीही गुणी असली तरी उंची, ताकद, वेग आणि स्वभाव जुळणारा मुलगा मिळेपर्यंत तिचे करिअर सुरूच होत नाही, आणि तो थांबला की तिचेही थांबते. बहुतेक जण आधी एकेरी स्केटिंग शिकतात आणि मग प्रशिक्षक त्यांची जोडी लावतात. रशियाच्या येकातेरिना गोर्देयेव्हा आणि सेर्गेई ग्रिंकोव्ह यांची जोडी 1982 मध्ये लागली तेव्हा ती 11 वर्षांची आणि तो 15 वर्षांचा होता. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकले आणि 1994 मध्ये व्यावसायिक प्रयोगांतून परतून पुन्हा जिंकले. इतक्या कोवळ्या वयात सर्वोच्च व्यासपीठावर पोहोचणे आता शक्य नाही, कारण आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने सीनियर गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून 17 वर्षे केली आहे. आमच्या मते हा निर्णय आधीच व्हायला हवा होता.

किती वर्षे चालते, हा आपला दुसरा प्रश्न. चीनच्या शेन श्वे आणि चाओ होंगपो यांची जोडी 1992 मध्ये लागली. 2002 आणि 2006 मध्ये त्यांना ऑलिंपिक कांस्यपदके मिळाली, मध्यंतरी चाओ यांच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला, 2007 मध्ये दोघांनी लग्न केले आणि ते स्पर्धांपासून दूर झाले. मग परतून त्यांनी 2010 मध्ये व्हँकूव्हरला सुवर्ण जिंकले. तेव्हा ती 31 वर्षांची आणि तो 36 वर्षांचा होता. 1964 पासून सोव्हिएत आणि रशियन जोड्यांकडे सलग असलेले हे सुवर्ण त्यांनी प्रथमच पूर्वेकडे आणले. त्यांचे प्रशिक्षक याओ बिन स्वतः 1980 च्या जागतिक स्पर्धेत आपल्या जोडीदारणीसह शेवटच्या क्रमांकावर राहिले होते. खेळाडू म्हणून तळाला राहिलेला माणूस तीस वर्षांनी त्याच प्रकारात आपल्या शिष्यांना सुवर्ण आणि रौप्य दोन्ही मिळवून देतो, हे आपल्या चिरंजीवांना अवश्य सांगावे. करिअर या शब्दात खेळून झाल्यानंतरची वर्षेही येतात. प्रशिक्षण, नृत्यरचना, बर्फावरचे व्यावसायिक प्रयोग आणि तांत्रिक पंचाचे काम हे निवृत्त खेळाडूंचे नेहमीचे मार्ग आहेत.

दुखापतींविषयी मात्र आम्ही गोड बोलणार नाही. 1996 मध्ये सरावात शेजारी-शेजारी गिरकी घेताना येलेना बेरेझ्नाया यांच्या डोक्यात जोडीदाराच्या स्केटचे पाते घुसले. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि काही काळ त्यांना बोलताही येईना. नव्या जोडीदारासह त्यांनी 1998 मध्ये रौप्य आणि 2002 मध्ये सुवर्ण मिळवले, परंतु अशी कथा सांगताना लोक सुवर्णापाशी थांबतात आणि पात्यापाशी थांबत नाहीत. उचलताना पडणे, फेकीनंतर घोट्यावर आणि नितंबाच्या सांध्यावर येणारा भार, पुरुषांच्या खांद्याची आणि पाठीची दुखणी हे या खेळात रोजचे आहे. शिवाय मुलीला उचलायचे असल्याने तिच्या वजनावर बारीक लक्ष ठेवणारी मंडळी भेटतात. वाढत्या वयाच्या मुलीचे जेवण तोडणारा प्रशिक्षक, मग तो कितीही नावाजलेला असो, आपण त्याच दिवशी सोडावा.

आता आपला शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. स्पर्धेचे पूर्ण मैदान 60 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद असते. भारतात त्या मापाचे बंदिस्त मैदान डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधले गेले, बरीच वर्षे बंद राहिले आणि 2025 मध्ये तेथे पुन्हा स्पर्धा झाल्या. सिमल्याचे उघडे मैदान 1920 पासूनचे असले तरी ते थंडीच्या कृपेवर चालते, आणि गुरुग्रामच्या मॉलमधले मैदान लहान आहे. भारताकडून एकेरीत उतरणाऱ्या तारा प्रसाद यांचा सराव अमेरिकेत चालतो. ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगमध्ये भारताचा खेळाडू अजून उतरलेला नाही. म्हणजे नाशिकच्या मुलीला बर्फावरची जोडी व्हायचे असेल, तर कधी तरी घर सोडून परदेशी जावे लागेल आणि मैदानाचे तास, प्रशिक्षक, नृत्यरचनाकार, बूट आणि वेगळे घ्यावे लागणारे पाते यांचा खर्च कुटुंबाला अनेक वर्षे सोसावा लागेल.

आम्हाला विचाराल तर आज घर हलवण्याचे कारण नाही. नात ज्या चाकांवर उभी आहे, त्या चाकांवरही जोडी प्रकार आहे. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धांत अनुप कुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी त्यातच भारताला कांस्यपदक मिळवून दिले, आणि यामा यांनी एकेरीतही कांस्य घेतले. चाकांवर शिकलेला तोल, ताल आणि गिरकी बर्फावर बरीचशी उपयोगी पडते. पात्याच्या आतल्या-बाहेरच्या कडेवर झुकणे तेवढे नव्याने शिकावे लागते. तिला चाकांवर उड्या पक्क्या करू द्या, जोडीला जिम्नॅस्टिक्स किंवा नृत्य असू द्या, आणि सुट्टीत आठ-पंधरा दिवस खऱ्या बर्फावर न्या. पडल्यावर थंडीत ओल्या कपड्यांनी पुन्हा उभी राहायला तिला आवडते की नाही, हे तेथे दोन दिवसांत कळेल. तेरा-चौदाव्या वर्षी हा प्रश्न पुन्हा विचारला तरी उशीर झालेला नसेल.

प्रश्न : माझी 13 वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून एका मुलाबरोबर रोलर स्केटिंगच्या जोडी प्रकारात खेळते. आम्ही कॉलेज रोडला राहतो, दोन्ही घरांचा घरोबा आहे. मुलगा आता जेईईच्या तयारीसाठी पुण्याला जात असून त्याने खेळ थांबवला आहे. मुलगी म्हणते की आता मीही स्केट्स माळ्यावर टाकते. नवा जोडीदार शोधावा की तिचे ऐकावे?

उत्तर : ताई, प्रथम त्या मुलाविषयी. त्याने कोणाचा विश्वासघात केलेला नाही, आणि आपल्या घरात तसे बोलले जात असेल तर ते थांबवावे; मुलीला नवा जोडीदार मिळाल्यावर तोही कधी तरी जाईल ही भीती अशाच बोलण्यातून तिच्या मनात बसते.

जोडी फुटणे हा या खेळातला अपघात मानला जात असला तरी तो नेहमीचा आहे. इरिना रोदनिना यांनी 1972 चे ऑलिंपिक सुवर्ण अलेक्सेई उलानोव्ह यांच्यासह जिंकले आणि त्याच वर्षी उलानोव्ह प्रतिस्पर्धी जोडीतल्या मुलीबरोबर खेळायला निघून गेले. रोदनिना यांना अलेक्सांद्र झैत्सेव्ह हा नवखा जोडीदार देण्यात आला. 1973 च्या ब्रातिस्लाव्हातील जागतिक स्पर्धेत या नव्या जोडीचे संगीत मध्येच बंद पडले, तेव्हा दोघांनी न थांबता उरलेला कार्यक्रम शांततेत पूर्ण करून सुवर्ण घेतले. पुढे त्यांनी 1976 आणि 1980 ची ऑलिंपिक सुवर्णेही जिंकली. मूळच्या युक्रेनच्या अल्योना सावचेन्को तिसऱ्या जोडीदाराबरोबर, पाचव्या ऑलिंपिकमध्ये, 2018 साली वयाच्या 34 व्या वर्षी जिंकल्या. लघु कार्यक्रमानंतर चौथ्या क्रमांकावर असताना त्यांनी अखेर अवघ्या 0.43 गुणांनी सुवर्ण मिळवले. जपानचे र्‍युइची किहारा तर खेळ सोडण्याच्या विचारात असताना त्यांना त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान रिकू मिउरा भेटल्या आणि 2023 मध्ये ही जोडी जगज्जेती झाली. डियाना स्टेलॅटो-ड्युडेक यांचे उदाहरण आपल्या मुलीला कदाचित सर्वांत जवळचे वाटेल : 2000 मध्ये एकेरीत कनिष्ठ जागतिक रौप्य, मग दुखापत, स्केट्स माळ्यावर, सोळा वर्षे दुसरीच नोकरी, आणि नंतर जोडी प्रकारात परतून 2024 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, कॅनडासाठी जागतिक विजेतेपद. त्यामुळे स्केट्स माळ्यावर ठेवायचेच असतील तर तेल लावून ठेवावेत.

नव्या जोडीदाराची घाई मात्र करू नये. जोडी लावताना दोघांची गिरकी एकाच दिशेची आहे का, पावलाची लांबी जुळते का आणि मुलगा तिला सुरक्षितपणे उचलू शकेल इतका वाढला आहे का, हे पाहिले जाते. या प्रकारात मुली पुष्कळ आणि मुलगे थोडे असतात, त्यामुळे हाताशी आहे तो मुलगा गळ्यात बांधण्याचा मोह होतो आणि दुखापती तेथून सुरू होतात. वर्षभर तिला एकेरीत खेळू द्यावे. शेजारी-शेजारीच्या उड्या शेवटी ज्याच्या त्याने एकट्यानेच मारायच्या असतात, त्यामुळे एकेरीतले वर्ष जोडीच्या हिशेबात वाया जात नाही. वर्षानंतरही ती नकोच म्हणाली, तर तिचे ऐकावे.

प्रश्न : आइस डान्स आणि पेअर स्केटिंग यांत फरक काय? पंचवटीतल्या आमच्या कट्ट्यावर यावरून पैज लागली आहे. दुसरे असे की, दोघांपैकी एक भारतीय आणि एक परदेशी असेल तर ते भारताकडून खेळू शकतात का?

उत्तर : आइस डान्समध्ये पुरुषाने जोडीदारणीला डोक्यावर उचलायचे नसते, फेकायचेही नसते आणि मोठ्या उड्या नसतात; तेथे पावलांची कारागिरी, ताल आणि दोघांमधली जवळीक मोजली जाते. पेअर स्केटिंग ऑलिंपिकमध्ये 1908 पासून आहे, तर आइस डान्स 1976 मध्ये आला. तेव्हा ज्यांनी दोन्ही एकच म्हटले त्यांनी पैजेचा चहा पाजावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. जागतिक स्पर्धांत जोडीपैकी एक जण त्या देशाचा नागरिक असला आणि दुसऱ्याला त्याच्या आधीच्या देशाच्या संघटनेने मोकळे केले असले, तर नियमातल्या इतर अटी पाळून ते एकत्र उतरू शकतात. ऑलिंपिकमध्ये मात्र दोघांकडेही त्याच देशाचे नागरिकत्व लागते. वर आलेल्या सावचेन्को यांचे शेवटचे जोडीदार ब्रुनो मासो फ्रान्सचे होते. फ्रेंच संघटनेने त्यांना मोकळे करीपर्यंत जोडीला वाट पाहावी लागली, आणि त्यानंतर जर्मन नागरिकत्वासाठी त्यांना जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागली.