टायटल म्युझिकला जागाच उरली नाही

हल्लीच्या चित्रपटाची थीम, म्हणजे मुख्य धून, घरी पोचेपर्यंत विसरायला होते, संगीतकारांना चाली सुचेनाशा झाल्यात का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. चाली आहेत, त्या कानात रुजायची जागा गेली, म्हणजे सुरुवातीला पडद्यावर नावं येताना वाजणारं टायटल म्युझिक.

'सायको' (1960) पुन्हा लावून बघा. पडद्यावर नामावली रचणाऱ्या सॉल बासच्या नुसत्या आडव्याउभ्या पट्ट्या सरकतात, नावं तुटतात, जुळतात. संवाद नाही की दाराचा आवाज नाही. संगीतकार बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यं घेतलीत. जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा. पुढे नायिका मॅरियन चोरीचे पैसे घेऊन पावसात गाडी हाकते तेव्हा तोच परत वाजतो. खरं तर समोर एक बाई, स्टिअरिंग आणि काचेवरचे वायपर, एवढंच आहे. तरी पोटात गोळा येतो, कारण कानाला ते सूर आधीच ठाऊक झालेले असतात.

आपला 'शोले' (1975) घ्या. रामलाल जेलरसाहेबांना घोड्यावरून घेऊन निघतो आणि आर. डी. बर्मनची गिटार, हॉर्न सुरू होतात. माळ, खडक, गावातली वाट सगळं त्या सुरांवर दिसत जातं. गब्बर यायच्या कितीतरी आधी रामगढ आपल्या ओळखीचं होतं!

मग काम करणाऱ्यांच्या याद्या लांबत गेल्या आणि नावं शेवटी गेली. 'स्टार वॉर्स'च्या 1980 च्या भागात दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला नव्हतं, म्हणून अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड केला. 'स्टार वॉर्स'चा कर्ता जॉर्ज लुकास, त्याने तो भरला आणि संघटनाच सोडली. पण त्याने हलवली ती नावं; जॉन विल्यम्सचं संगीत सुरुवातीलाच दणदणत राहिलं. मागून आलेल्या कित्येकांनी नावांबरोबर संगीतही उचललं, हे मला फार लागतं.

आपल्याकडे तर सुरुवातीला चार-पाच कंपन्यांचे लोगो, आभारांच्या पाट्या, आणि चित्रपटात कुणी सिगरेट ओढत असेल तर 2012 च्या नियमाने तंबाखूविरोधी फीत. ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढं झाल्यावर दिग्दर्शकाला थेट गोष्टीत उडी मारायची घाई असते.

संगीतकाराला सलग वाजवायला मिळतं ते थेट शेवटच्या नावांवर. मी हल्ली तोवर बसून राहतो. गेल्या महिन्यात दिवे लागले होते, सफाईवाला पॉपकॉर्नचे डबे गोळा करत होता, आणि थीम पहिल्यांदाच अखंड ऐकू आली. सुंदर होती. अडीच तास ती संवादांखाली दबलेली होती, मला कळलीच नव्हती.