प्रबंधाचं लेखन आणि बातमी यांत नेमका फरक काय? (उत्तर)

तुमच्या एम.ए.च्या शोधनिबंधावर सरांनी "ही बातमी झाली, संशोधन नव्हे" असा शेरा मारलाय आणि तुम्ही विचारताय की फरक नेमका कशात. हाच शेरा लाल पेनाने मलाही मिळालाय. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात ११ वर्षं वार्ताहर होतो, मग पीएच.डी. केली. बातमीचे सहा ककार (कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं) आणि उलटा पिरॅमिड (महत्त्वाचं आधी, तपशील नंतर) तुम्हाला येत असणारच, ते सोडतो.

केळीच्या भावाची बातमी करत होतो. बोर्डावर जाहीर होणारा भाव एक आणि बांधावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा दुसरा, ही आमच्याकडे रावेरपासून चोपड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. एका कांदेबागेत (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीच्या बागेत) कापणी चालू होती. मजूर घड आणून पानांच्या थरावर मांडत होते, ट्रक उभाच होता. शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेली पावती काढून दाखवली. त्यावर वजन लिहिलेलं आणि भावाची जागा कोरी. भाव मागाहून कळणार होता, माल मात्र आज जाणार होता. पावती परत खिशात घालताना तो म्हणाला, "मन्हं नाव टाकू नको भाऊ, सकायले मन्हा माल कोन उचली?" (माझं नाव टाकू नको, उद्या माझा माल कोण उचलेल?)

मी नाव दिलं नाही. नाव नाही म्हणून डेस्कने, म्हणजे कचेरीतल्या संपादकांनी, बातमी अर्धी कापली, कोरी पावतीही गेली. राग आला होता, पण बातमीच्या नियमाने ते चूक नव्हतं. बातमीत बोलणारा माणूस नावानिशी उभा असला की विधानाला वजन येतं.

काही वर्षांनी तोच शेतकरी माझ्या प्रबंधात "उत्तरदाता क्र. १७" झाला. इथे उलटा नियम. नाव झाकायचंच, पण त्या बदल्यात त्याला कसं निवडलं, एकूण किती जणांना विचारलं, कोणते प्रश्न विचारले, आधी या विषयावर कोण काय म्हणून गेलंय, हे सगळं उघडं करायचं. उद्या दुसऱ्या कुणाला तीच वाट चालून तपासता आली पाहिजे. माझ्या मते खरा फरक एवढाच आहे. बातमी माणसाच्या नावावर उभी राहते, संशोधन पद्धतीवर. बातमी पुढची कापणी व्हायच्या आत शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवी आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) गेलेला प्रबंध चुकला तर पुढचे दहा जण तीच चूक संदर्भ म्हणून घेतात. म्हणून तिथे घाई नको. (निष्कर्ष आधी सांगायचा हा बातमीचा गुण गोषवाऱ्यातही लागतो, हे कुणी सांगत नाही.)

भाषेचा यात काहीही संबंध नाही, आणि इथेच माझं गाईडशी वाजलं. त्यांनी क्र. १७ चं वाक्य खोडून वर लिहिलं, "प्रतिसादकांमध्ये विपणनविषयक असुरक्षिततेची भावना आढळून आली." मी म्हटलं, सर, केळी कापली की थांबत नाही. व्यापाऱ्याने पाठ फिरवली तर उभी बाग झाडावर पिकते. ही भीती तुमच्या वाक्यात कुठे आहे? त्यांचं उत्तर होतं, बोलीभाषा प्रबंधात शोभत नाही. तीन महिने एका वाक्यावर गेले.

शोभत नाही म्हणजे काय? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. त्यांच्या ग्रंथांच्या प्रस्तावना वाचा. रोखठोक मराठी, मी असं म्हणतो, अमक्याचं चुकलं. ते संशोधन नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि 'दर्पण' हे वृत्तपत्र १८३२ मध्ये काढणारे बाळशास्त्री जांभेकर शिलालेख आणि ताम्रपटांवरही लिहीत होते. एकाच माणसाला दोन्ही जमत होतं. जड शब्द हे पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. ज्याच्याकडे पुरावा कमी तोच "आढळून येते", "दिसून येते" करत बसतो.

तेव्हा शेरा आलाय म्हणून वाक्यं बोजड करू नका. सरांना विचारा, भाषा खटकतेय की पुरावा? पुरावा खटकत असेल तर मात्र ऐका. माझ्या पहिल्या मसुद्यात "बहुतांश शेतकऱ्यांना" असं होतं आणि तेव्हा मी फक्त सहा जणांशी बोललो होतो. बातमीची सवय ती, संध्याकाळी पान लागायच्या आत सहा माणसं खूप झाली. तिथे सरांनी धरलं ते बरोबर होतं. पुढे मी ४० जणांच्या मुलाखती घेतल्या. हेही खरं की विज्ञानाच्या विषयांत मांडणीचा साचा ठरलेला असतो, तिथे माझं म्हणणं तेवढं लागू होणार नाही. आणि गुण त्यांच्या हातात आहेत, त्यामुळे भांडण कुठपर्यंत न्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्या प्रबंधात क्र. १७ चं वाक्य शेवटी परिशिष्टात गेलं, बारीक टाइपात. मी तडजोड केली. ते पाचव्या प्रकरणात, भावाच्या तक्त्याच्या लगेच खाली असायला हवं होतं, आणि मी ते तिथेच ठेवायला हवं होतं.