एफडीचे सहा लाख सगळ्यात मोठ्या बबलमध्ये टाकू का?

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, सहा लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय, दोन वर्षांनी मुलीची इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन, आणि एजंटने बबल चार्ट दाखवून सांगितलं की सगळ्यात वरचा मोठा बबल म्हणजे हा स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांच्या शेअरचा) फंड, सगळे इथंच टाका.

सगळे अजिबात टाकू नका.

चार्ट खोटा आहे असं नाही, पण त्यात काय मांडलंय ते बघा. आडवी रिस्क, उभा मागच्या तीन वर्षांचा रिटर्न, आणि बबलचा आकार म्हणजे फंडात लोकांचे एकूण किती पैसे आहेत, बस. मोठा म्हणजे सेफ असं त्यात कुठंच नाही, उलट छोट्या कंपन्यांचे शेअर पटकन विकले जात नाहीत आणि फंड जेवढा मोठा तेवढं बाहेर पडणं अवघड, म्हणून तर 2024 पासून स्मॉलकॅप आणि मिडकॅप (मध्यम कंपन्यांच्या) फंडांना आपल्याकडचे 25 आणि 50 टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील ते जाहीर करावं लागतं. एजंटला तो आकडा विचारा. बबल क्षेत्रफळाने काढलेत का तेही विचारा, त्रिज्येने काढले असतील तर दुप्पट रक्कम चौपट दिसते. आणि वर्षं कुठली धरली? 2017 संपताना असाच चार्ट काढला असता तर स्मॉलकॅप वरच दिसले असते, 2018 मध्ये स्मॉलकॅपचाच इंडेक्स जोरात आपटला. तुमच्या हातात दोनच वर्षं आहेत, तेव्हा फीचे चार लाख परत एफडीतच.

उरलेल्या दोन लाखांसाठी तुमचाच एक स्कॅटर चार्ट काढा. एक्सेलमध्ये मागच्या तीन वर्षांचा दर महिन्याचा सुताचा भाव आडवा, हातात राहिलेला नफा उभा, असे 36 ठिपके. दिवाळीच्या ऑर्डरचे महिने वेगळ्या रंगात करा, नाहीतर सीझनचा परिणाम सुताच्या नावावर जाईल. सूत महागलं की ठिपके खाली घसरत असतील तर आधी कामगारांचा तीन महिन्यांचा पगार लिक्विड फंडात (लागेल तेव्हा पटकन पैसे काढता येणारा कमी रिस्कचा फंड), त्यातून काही उरलं तरच स्मॉलकॅपची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला थोडी थोडी गुंतवणूक, तीही सात-आठ वर्षं हात लावणार नसाल तर. ठिपके मस्त विखुरलेले निघाले, म्हणजे सुताच्या भावाशी नफ्याचा संबंध दिसला नाही, तर पगाराची तरतूद थोडी कमी चालेल. चार्ट झाला की पाठवा, बघून सांगतो.