गप्प लाईन

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, “सर, कारखान्यात माझ्या लाईनवर कुणाची काही कुरकुर नाही. विचारलं की सगळे ‘ठीक आहे मॅडम’ म्हणतात. तरी दर आठवड्याला कस्टमरची तक्रार येतेच.” तेव्हा गडबडीत काहीतरी बोलून मी फोन ठेवला. पण ते ‘ठीक आहे मॅडम’ डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या माणसांना दोष दिसत नाही असं समजू नकोस. तुझ्या कितीतरी आधी दिसतो. ते सांगत नाहीत, आणि का सांगत नाहीत हे त्यांच्यापेक्षा तुझ्या वागण्यात शोध. लागेल असं बोलतोय, माहीत आहे. पण मी हे फार महागात शिकलो.

भोसरीला शिफ्ट इन्चार्ज होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. रात्री साडेदहाच्या सुमारास बोअरिंग मशीनवरचा एक ऑपरेटर केबिनच्या दाराशी आला. हात कूलंटने ओले, हातातला भोकाचं माप तपासायचा प्लग गेज कॉटन वेस्टने पुसत म्हणाला, “साहेब, नो-गो किंचित आत जातोय.” गेजची ती बाजू आत जायलाच नको, गेली तर भोक मोठं झालं. बाहेर डिस्पॅचची गाडी लागलेली, मी चलनं तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “आत्ता नको रे, चालव तेवढं.” तो जरा वेळ उभा राहिला आणि गेला. त्या रात्रीचा माल सकाळी तपासणीत अडकला, निभावलं.

तीन-चार महिन्यांनी त्याच मशीनवर तेच झालं. या वेळी तो आलाच नाही. अख्खा लॉट कस्टमरकडे पोचला. आम्ही सहा जण दोन दिवस त्यांच्या आवारात उन्हात बसून एकेक नग गेजला लावून बघत होतो. परत आल्यावर त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो शांतपणे म्हणाला, “मागं सांगितलं होतं की, साहेब.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

टोयोटाच्या दोरीबद्दल तू ट्रेनिंगमध्ये ऐकलंच असशील. कामगाराने दोरी ओढली की दिवा लागतो. आपल्याकडे लोक दिवेच तेवढे आणून बसवतात. खरं काम दिवा लागल्यानंतर सुरू होतं: टीम लीडर लगेच तिथे येतो, गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकेपर्यंत दोघं मिळून अडचण सोडवतात, आणि नाहीच सुटली तर लाईन थांबते. हा विचार मूळचा मागावरचा. ज्यांच्या घराण्यातून टोयोटा कंपनी आली त्या साकिची टोयोडांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. मी इचलकरंजीचा, वडील यंत्रमागावर. धागा तुटलेला लक्षात आला नाही तर दोष कापडात किती लांबवर जातो, ते मी लहानपणी घरात ऐकत आलोय. त्या दिवसाच्या मजुरीतून ते कापलं जायचं. दोरी ओढणाऱ्यासमोर तू कपाळाला आठ्या घालून गेलीस, तर उद्यापासून ती दोरी नुसती लोंबत राहील.

आणखी एक आठवण करून देतो. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीच्या पुढे जाऊन खाली दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. उतरू नका, विमान परत वर घ्या, असं सहवैमानिकाने तीनदा सांगितल्याचं चौकशीच्या अहवालात आहे. कॅप्टनने उतरणं सोडलं नाही. शेजारच्या खुर्चीवरून बोललेलं ऐकू जात नसेल, तर शेडच्या दुसऱ्या टोकाच्या हेल्परचं काय होत असेल?

तेव्हा ‘सगळं ठीक ना?’ हे विचारणं आधी बंद कर. त्या प्रश्नात उत्तर तूच देऊन टाकतेस. ‘आज कुठली मशीन त्रास देतेय?’ असं विचार, आणि मशीनपाशी उभी राहून विचार. कुणी काही घेऊन आलं की मोबाईल खाली ठेव, त्याच्याबरोबर चालत जा, त्याच्याच हातून गेज लावून बघ. कुणी केलं हा प्रश्न तासाभराने विचारला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी त्याला आवर्जून सांग की तू सांगितलंस त्याचं पुढे काय झालं. हे आपण नेहमी विसरतो, आणि माणसाला वाटतं की सांगितलेलं विहिरीत पडलं. रिजेक्शनचा फोटो ऑपरेटरच्या नावासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत तुमच्याकडे असेल तर या आठवड्यात मोड. वरून कुणी काही म्हणालं तरी मोड.

सगळ्यात जास्त लक्ष ठेकेदाराच्या माणसांकडे दे. कायम कामगार निदान युनियनकडे जाऊ शकतो. ठेकेदाराचा पोरगा बोलला आणि कुणाला खुपलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं गेट बंद. तो का म्हणून बोलेल? त्याने पहिल्यांदा काही दाखवलं की सुपरवायझरसमोर त्याचं नाव घेऊन सांग की हे याच्यामुळे पकडलं गेलं. मग त्या पोराला कुणी हात लावत नाही.

वेळ कुठून आणू, हे तू विचारणारच. सकाळच्या रिव्ह्यूची प्रेझेंटेशन निम्मी कर. प्लांट हेडना सांग, मी सांगितलंय म्हणून सांग हवं तर. पाळी बदलताना, एक सुटते दुसरी येते त्या दहा-पंधरा मिनिटांत लाईनवर उभी राहा. घरी निघालेला माणूस खरं बोलतो.

पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. तुझी दुसरी पाळी असेल तो दिवस कळव, सुटायच्या वेळी गेटवर येईन. पण त्याआधी फोन कर, आणि या आठवड्यात कुणी काय सांगितलं ते शब्दाला शब्द मला सांग.

तुझा,
सर