वाचकांचे प्रश्न : पैसे मोजून माहिती शोधताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये सशुल्क संशोधन डेटाबेसविषयीची पत्रे लक्षणीय होती. वर्गणी भरूनही हवे ते सापडत नाही, अशी बहुतेकांची तक्रार आहे. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे; परंतु पुढची उत्तरे बरीचशी त्यावरच उभी असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : रात्रपाळीत काम करणाऱ्या परिचारिकांकडून औषधे देताना होणाऱ्या चुका हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. विद्यापीठामुळे मला स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे दोन्ही डेटाबेस वापरता येतात. माझा प्रश्न पूर्ण वाक्यात इंग्रजीतून लिहिला तर तीन-चारच निबंध मिळतात, सुटे शब्द टाकले तर हजारो. शिवाय तेच शब्द दोन्हीकडे टाकले असता निकालांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चूक माझी की डेटाबेसची?

उत्तर : चूक म्हणावी अशी कोणाचीच नाही; सवय मात्र आपली आहे. रोजच्या वापरातले खुले शोधयंत्र आपले स्पेलिंग सुधारते, समानार्थी शब्द परस्पर जोडते आणि अडचणीचे शब्द गुपचूप वगळते. व्यावसायिक डेटाबेस बहुतांशी हुकमाचा ताबेदार असतो. ‘रात्रपाळीचा परिचारिकांच्या औषधविषयक चुकांवर होणारा परिणाम’ असे आपण लिहिले, की तो ‘परिणाम’ हा शब्दही निबंधात शोधतो. लेखकाने ‘परिणाम’ऐवजी ‘संबंध’ लिहिले असेल, तर तो निबंध आपल्यापुरता नाहीसाच झाला. म्हणून परिणाम, भूमिका, अभ्यास, महत्त्व असे शब्द शोधात घेऊच नयेत. ते आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात शोभतात, शोधवाक्यात नाही.

लॉगिन करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत : परिचारिका, रात्रपाळी, औषधातील चूक. प्रत्येक रकान्यात ती कल्पना मांडण्यासाठी इंग्रजीतले लेखक जे जे शब्द वापरत असतील ते लिहावेत. दुसऱ्या रकान्यात ‘नाइट शिफ्ट’ तर येईलच, पण ‘नाइट ड्यूटी’, ‘शिफ्ट वर्क’, ‘रोटेटिंग शिफ्ट’ हेही आले पाहिजेत. तिसऱ्यात ‘मेडिकेशन एरर’च्या जोडीला ‘ड्रग एरर’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन एरर’. एका रकान्यातले शब्द एकमेकांना ‘ऑर’ने (म्हणजे त्यांपैकी कोणताही एक असला तरी चालेल) जोडायचे, प्रत्येक रकाना कंसात बांधायचा आणि तीन कंस ‘अँड’ने (म्हणजे तिन्ही असायलाच हवेत) सांधायचे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि शोधाचा निम्म्याहून अधिक भाग तेवढाच आहे.

दोन डेटाबेसच्या निकालांत पडणाऱ्या फरकाचे एक कारण त्यांत समाविष्ट असलेली नियतकालिके वेगवेगळी आहेत हे आहे. मात्र आपण कंस घातले नसतील, तर घोडे तिथेच पेंड खात असण्याचीही शक्यता मोठी. ‘नाइट शिफ्ट ऑर शिफ्ट वर्क अँड एरर’ असे कंसाविना लिहिल्यास वेब ऑफ सायन्स ‘अँड’ आधी सोडवते आणि ‘ऑर’ नंतर. परिणामी रात्रपाळीवरचा प्रत्येक निबंध, त्यात चुकांचा उल्लेख असो वा नसो, आपल्या पदरात पडतो. स्कोपस नेमके उलट करते : ‘ऑर’ आधी, ‘अँड’ मागाहून. शब्द तेच, क्रम तोच आणि अर्थ दोन. कंस घातले की हा घोळ संपतो.

यापुढे चिन्हांचा भाग येतो. शब्दाचे मूळ लिहून पुढे तारका घातली, की त्या मुळापासून निघालेली सर्व रूपे मिळतात. इंग्रजीतील ‘नर्स’ या शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांपुढे तारका घातल्यास नर्स, नर्सेस, नर्सिंग हे सारे हाती येते. पण त्याबरोबर नर्सरीही येते, म्हणजे रोपवाटिका आणि बालवाड्या. आपल्या शोधात दुसरे दोन रकाने असल्यामुळे ती आपोआप गळून पडेल. परंतु एकाच रकान्याच्या शोधात अशी आखूड तारका महागात पडते.

‘मेडिकेशन एरर’ अवतरणचिन्हांत लिहिल्यास ते दोन शब्द सलग असलेलेच निबंध मिळतात. ‘एरर्स इन द अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ मेडिकेशन’ असे लिहिणारा लेखक त्यातून निसटतो. त्यासाठी सान्निध्याचे चिन्ह वापरावे, म्हणजे दोन शब्द एकमेकांपासून अमुक शब्दांच्या आत असावेत अशी अट घालावी. वेब ऑफ सायन्समध्ये ते ‘निअर’, तिरपी रेघ आणि आकडा असे लिहितात. स्कोपसमध्ये ‘निअर’च्या जागी डब्ल्यू हे एकच अक्षर येते. आकडा मात्र स्वतः लिहावा. तो न लिहिता नुसते ‘निअर’ दिल्यास वेब ऑफ सायन्स १५ शब्दांचे अंतर धरते आणि प्रोक्वेस्ट ही दुसरी सशुल्क सेवा ४ शब्दांचे. आपल्यासारख्या विषयाला मी पाचापासून सुरुवात करीन.

शोध शीर्षक, गोषवारा आणि लेखकाने दिलेले कळीचे शब्द एवढ्यापुरताच मर्यादित ठेवावा. संपूर्ण मजकुरात शोधू दिल्यास संदर्भसूचीत एकदा डोकावलेला शब्दही निकालात येतो, आणि हजारोंचा आकडा पुष्कळदा त्यातूनच फुगतो.

आणखी एक सुचवतो, आणि ते टाळू नये अशी विनंती करतो. आपला विषय वैद्यकाला लागून असल्याने मेडलाइन या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसकडे वळावे. तेथे निबंध कोणत्याही शब्दांत लिहिलेला असो, त्याला ठरलेल्या यादीतील विषयसंज्ञा लावली जाते. ही यादी ‘मेश’ या नावाने ओळखली जाते आणि ती १९६० पासून चालत आली आहे. कर्करोगासाठी तिच्यात ‘कॅन्सर’ नव्हे, तर ‘नियोप्लाझम्स’ ही संज्ञा आहे. आपल्या सुदैवाने ‘मेडिकेशन एरर्स’ ही संज्ञा मात्र जशीच्या तशी आहे. व्यापक संज्ञा निवडून तिच्या पोटातील संज्ञाही सामावून घेण्याची सोय असते, तीही वापरावी. मात्र प्रत्येक निबंधाला आपल्याला अपेक्षित तीच संज्ञा लागलेली असेल असे नाही. त्यामुळे संज्ञा आणि साधे शब्द दोन्ही ‘ऑर’ने जोडूनच शोधावे, नुसत्या संज्ञांवर विसंबल्यास उपयोगी काम हातचे जाऊ शकते.

प्रश्न : मी वकील आहे. आमच्या कार्यालयात लेक्सिसनेक्सिस आणि वेस्टलॉ या कायदेविषयक डेटाबेसचा वापर होतो आणि काही दस्तऐवज उघडण्याचे वेगळे पैसे पडतात. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून मी शोध फार नेमका करतो. त्यात महत्त्वाचे काही सुटत असेल का?

उत्तर : सुटत असेल, आणि सुटते आहे याचा आपल्याला पत्ताही लागणार नाही. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत अजूनही डोळे उघडणारा आहे. एका मोठ्या दाव्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवज संगणकावर घालून वकिलांनी त्यांत शोध घेतला. आपल्याला उपयोगी कागदांपैकी निदान ७५ टक्के मिळाले, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरीने २० टक्क्यांच्या आसपासच मिळाले होते. कारण साधे होते. दावा एका अपघाताचा होता आणि शोध ‘अपघात’ या शब्दाचा. परंतु ज्यांच्यावर दोष येण्याची शक्यता होती, त्यांनी आपल्या पत्रव्यवहारात तो शब्द टाळून ‘घटना’, ‘प्रसंग’, ‘दुर्दैवी परिस्थिती’ असे लिहिले होते. कोणता पक्ष कोणत्या शब्दाला बिचकतो, हे आपल्या व्यवसायात आपल्यालाच सर्वांत चांगले कळते; तेच ज्ञान शोधात उतरवायचे असते.

खर्चाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो शोध अरुंद करून सुटत नाही. प्रथम आपला करार वाचावा : आकारणी शोधावर आहे, वेळेवर आहे की उघडलेल्या दस्तऐवजावर? शोधावर असल्यास एक विस्तृत शोध करून निकालांतच चाळणी लावणे सहसा स्वस्त पडते. दस्तऐवजावर असल्यास यादी आणि सारांश पाहूनच उघडायचे की नाही ते ठरवावे. डायलॉग ही ऑनलाइन शोधसेवा १९७२ मध्ये व्यावसायिक झाली, तेव्हा जोडणीच्या वेळेचे पैसे पडत. त्यामुळे शोधवाक्य आधी कागदावर तयार केल्यावाचून कोणी जोडणी करीत नसे. आता मीटर दिसत नाही म्हणून ती शिस्त गेली आणि बिल तेवढे राहिले.

वेस्टलॉ वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिन्हे वापरून शोधण्याच्या पद्धतीत दोन शब्दांमध्ये नुसती मोकळी जागा सोडली, तर तिचा अर्थ ‘ऑर’ असा घेतला जातो. सलग शब्द हवे असल्यास अवतरणचिन्हे घालावीच लागतात. शब्दाची सर्व रूपे हवी असल्यास मुळापुढे तारका न घालता उद्गारचिन्ह घालावे. तेथे तारका म्हणजे केवळ एक अक्षर. दोन शब्द एकाच वाक्यात किंवा एकाच परिच्छेदात असावेत, अशी अट या दोन्ही सेवांत घालता येते. न्यायनिर्णयांसारख्या लांब मजकुरात ‘अँड’पेक्षा ती अट कितीतरी कामाची आहे. शंभर पानांच्या निर्णयात पहिल्या पानावर एक शब्द आणि शेवटच्या पानावर दुसरा असला, तर त्यांचा परस्परांशी काय संबंध?

प्रश्न : मी रसायनांविषयी सल्ला देण्याचे काम स्वतंत्रपणे करतो. कोणत्याही संस्थेशी संलग्न नसल्याने डेटाबेसची वर्गणी परवडत नाही. शिवाय एकाच पदार्थाची इतकी नावे असतात, की कोणते टाकावे हे कळत नाही.

उत्तर : आधी नावांचे पाहू, कारण त्यावर रामबाण उपाय आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीचा सीएएस हा विभाग प्रत्येक रासायनिक पदार्थाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक देतो. अ‍ॅस्पिरिन म्हणा, अ‍ॅसिटाइलसॅलिसिलिक आम्ल म्हणा किंवा संरचनेवरून केलेले लांबलचक नाव घ्या, त्याचा क्रमांक ५०-७८-२ हाच राहतो. पाण्याचा ७७३२-१८-५. सीएएसच्याच सायफाइंडर या सशुल्क सेवेत हा क्रमांक टाकून शोधावे. इतरत्र क्रमांक आणि दोन-तीन प्रचलित नावे मिळून ‘ऑर’ने जोडावीत, कारण प्रत्येक लेखक क्रमांक देतोच असे नाही.

वर्गणीविषयी म्हणाल, तर सशुल्क सेवेला हात लावण्यापूर्वी विनामूल्य असलेले संपवावे. मेडलाइनमध्ये शोध घेऊ देणारे पबमेड हे संकेतस्थळ १९९७ पासून सर्वांना खुले आहे. मेडलाइनमधील त्याच नोंदी काही कंपन्या अधिक सोयींसह वर्गणीने पुरवतात. पेटंटसाठी युरोपियन पेटंट ऑफिसचे एस्पासनेट विनामूल्य आहे, आणि रसायनाच्या व्यवसायात पेटंटमध्ये असलेली कितीतरी माहिती निबंधांत कधी येतच नाही. त्यानंतरही गरज उरल्यास जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकांना डेटाबेस वापरू देण्याची मुभा अनेक करारांत असते. ती मागितल्याखेरीज कोणी सांगत नाही. मोजकेच निबंध हवे असल्यास लेखकाला पत्र लिहून प्रत मागणे अजिबात गैर नाही.

कोणताही डेटाबेस विकत घेण्याआधी त्यातील नियतकालिकांची यादी आणि प्रत्येकाची सुरुवात कोणत्या वर्षापासून आहे, हे तपासावे. पूर्ण मजकूर पुरवणाऱ्या काही सेवांत अलीकडचे अंक प्रकाशकाच्या अटीमुळे काही महिने रोखून धरलेले असतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

प्रश्न : नको असलेले निकाल वगळण्यासाठी मी ‘नॉट’ भरपूर वापरते. ते योग्य आहे का? आणि आता डेटाबेसमध्येच साध्या भाषेत प्रश्न विचारण्याची सोय आली आहे, तर ही सारी चिन्हे कशाला शिकायची? शोध थांबवावा केव्हा, हेही सांगावे.

उत्तर : ‘नॉट’ शक्यतो टाळावे. मुलांवरचे अभ्यास हवेत म्हणून प्रौढांना वगळले, तर मुले आणि प्रौढ यांची तुलना करणारा उत्तम निबंधही जातो. सुक्याबरोबर ओले जळते ते असे. वय, भाषा, प्रकाशनाचा प्रकार यांसाठी डेटाबेसमध्ये तयार चाळण्या असतात. त्या पुरेशा आहेत, आणि काढल्या की निकाल पूर्ववत होतात.

साध्या भाषेतील शोध विषयाची तोंडओळख करून घ्यायला चांगला आहे. विशेषतः रकान्यांसाठी शब्द गोळा करताना मी स्वतः तो वापरतो. परंतु तो काही निवडक निबंध पुढे ठेवतो. उरलेले का ठेवले नाहीत, हे सांगत नाही, आणि तोच प्रश्न महिन्याभराने विचारल्यास उत्तर तेच येईल याची शाश्वती नसते. ज्या कामात ‘आम्ही सर्व पाहिले’ असे लिहून द्यायचे असते, तेथे कंस आणि चिन्हे यांना अद्याप पर्याय नाही. पद्धतशीर आढाव्यातील (म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे सारे संशोधन ठरलेल्या पद्धतीने गोळा करून तपासणाऱ्या अभ्यासातील) शोधाची नोंद कशी द्यावी, याविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रिझ्मा-एस ही मार्गदर्शक सूची शोधवाक्य जसेच्या तसे द्यावे, असे सांगते. डेटाबेसचे नाव, तो कोणत्या सेवेतून पाहिला, दिनांक, शोधवाक्य आणि निकालांची संख्या एवढे त्याच दिवशी वहीत उतरवावे. मागाहून आठवत नाही.

थांबण्यापूर्वी एक कसोटी लावावी. विषयातील आपल्याला आधीच ठाऊक असलेले पाच-सहा महत्त्वाचे निबंध शोधाच्या निकालांत आले आहेत का, ते पाहावे. त्यांपैकी एक जरी आला नसेल, तर तो स्वतंत्रपणे उघडून त्याचे शीर्षक, गोषवारा आणि विषयसंज्ञा वाचाव्यात. आपल्या रकान्यात नसलेला शब्द बहुधा तेथे सापडतो. सारे आले असतील, तर त्यांना नंतर कोणी उद्धृत केले आहे त्यांची यादी काढावी. त्या यादीत पुन्हा पुन्हा ओळखीचेच निबंध येऊ लागले, की शोधवाक्य जतन करून ठेवावे, नव्या निबंधांची सूचना ईमेलवर येईल अशी सोय लावावी आणि वाचायला बसावे.