व्हिडिओ उशिरा दिला, पण दुकानदाराने तो घेतला ना?

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डिझाइन ॲपवर त्या जाहिरातीचे व्हिडिओ करून देतात. साड्यांच्या नव्या दुकानासाठी ९० सेकंदांचा व्हिडिओ २४,००० रुपयांना ठरला, ८,००० आगाऊ मिळाले. पाडव्याच्या सकाळी ८ वाजता द्यायचा होता. आदल्या रात्री डाउनलोड सारखं अडकत राहिलं आणि व्हिडिओ पोचला दुपारी पावणेचारला. दुकानदाराने तो लावला. उरलेले १६,००० मात्र दहा महिने झाले तरी दिलेले नाहीत, उलट धंदा बुडाला म्हणून तो ५०,००० भरपाई मागतोय. ताई विचारतात, ॲपच्या कंपनीवर केस करता येईल का?

ताई, लग्नपत्रिकांचे व्हिडिओ करणारी मुलंही मला हेच विचारतात. ॲपचं जरा बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेल्या चॅटमधली एक ओळ मी तीनदा वाचली. पाडव्याच्या दिवशी ३.५२ ला दुकानदार लिहितो, ‘मिळाला. मस्त झालाय. लावतो लगेच.’

भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम ५५ बघा. वेळ हाच ज्या कराराचा जीव आहे, त्यात काम वेळेत झालं नाही तर समोरच्याला करार मोडता येतो. पण उशिरा आलेलं काम त्याने स्वीकारलं, तर त्या उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. सगळा भार त्या ‘स्वीकारतानाच’वर आहे. तुमच्या दुकानदाराने भरपाईचा विषय काढला बारा दिवसांनी, तुम्ही बाकी मागितल्यावर. सकाळचे ८ फार महत्त्वाचे होते असं तोच सांगतो, म्हणजे वेळ हाच कराराचा जीव होता हे तोच मान्य करतो, आणि मग या कलमातून त्याला सहज निसटता येणार नाही. ३.५२ च्या आधी फोनवर तो ‘नुकसान वसूल करणार’ असं काही बोलला होता का, ते मात्र नीट आठवून सांगा. बोलला असेल तर माझं मत बदलेल.

आता जे वाचून मला खरोखर राग आला ते. आदल्या रात्री ११.५० ला तुम्ही लिहिलंत, ‘चूक माझीच आहे दादा, पैशांचं नंतर बघू.’ त्याच करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपले येणे पैसे सोडून देता येतात, आणि त्याचा वकील हेच वाक्य पुढे करणार. ‘नंतर बघू’ म्हणजे माफ केलं असं होत नाही, असं आपण म्हणू. पण कोर्ट ते कसं वाचेल याची हमी मी देत नाही. घाबरून असे मेसेज पाठवू नका हो!

आणि पहिलं डाउनलोड रात्री ११.२० ला? तुमच्या फोटोत ब्राउझरच्या यादीत एकाखाली एक चार फाइली दिसतात, चौघींपुढे नेटवर्क एरर. मग ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, पुसली, ॲड ब्लॉकर बंद केला, इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) उघडून पाहिलं. शेवटी दुपारी व्हिडिओचे दोन तुकडे करून उतरवले आणि जोडले. हे सगळं आदल्या सकाळी करता आलं असतं. एक्स्टेन्शन, व्हीपीएन, अँटिव्हायरस, भरलेली डिस्क, कशानेही डाउनलोड तुटतं हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून कलम ५६ मधल्या ‘अशक्यते’चा आधार तुम्हाला मिळणार नाही. काम अवघड झालं एवढ्यावर कोर्ट करारातून सोडत नाही.

ॲपच्या कंपनीबद्दल थोडक्यात. प्लॅन पैसे भरून घेतला असेल आणि हेच तुमचं पोट भरायचं साधन असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार बसू शकते. मुदत २ वर्षांची. पण अशा कंपन्यांच्या अटींत जबाबदारी भरलेल्या फीपुरती बांधलेली असते. हाती फार लागेल असं मला वाटत नाही.

बाकीच्या पैशांचा दावा साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत करायचा असतो. त्यातले दहा महिने तुम्ही घालवलेत. १६,००० साठी थेट दिवाणी दावा लावलात तर तारखांमध्येच वर्षं जातील; एवढ्याशा रकमेच्या माणसाला आपली कोर्टं असं ताटकळत ठेवतात, याचा मला संताप येतो. त्यापेक्षा १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, नोंदणीसह पाठवा. उत्तर आलं नाही तर न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज, म्हणजे दावा लावण्याआधी तडजोडीसाठीचा अर्ज, द्या. कोर्ट फी लागत नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाही. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) या कामाच्या आधीची असेल तर प्रमाणपत्र पाठवा. मग व्याजासह वसुलीचा आणखी एक रस्ता आहे.

तोवर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. कोर्टात ती चॅट द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल. आणि त्या रात्री कॅश पुसताना डाउनलोड हिस्ट्रीवरही टिक केली होती का, ते आजच उघडून बघा; केली असेल तर त्या चार फाइलींची नोंदही पुसली गेली असेल.